प्रवासातील विसावा : कुटुंबीयांचा हक्क



ईदची किंवा मे महिन्याची सुट्टी संपली, की कोकणातील आपापल्या गावांहून मुंबईकडे परतणाऱ्या गाड्यांची रीघ लागते. रत्नागिरी, चिपळूण, महाड येथून रात्री निघालेले कुटुंब पहाटेच्या सुमारास पळस्पे फाट्याजवळ येते. मागे मुले वेडीवाकडी झोपलेली असतात, आईची मान अवघडलेली असते आणि गाडी चालविणाऱ्याच्या पापण्या जड झालेल्या असतात. अशा वेळी कोणी ‘जरा थांबू या’ म्हटले, तर ठरलेले उत्तर येते : ‘आता पनवेल आले, म्हणजे घर आलेच. आता कशाला थांबायचे?’ या उत्तराचाच आज आपण विचार करू.

प्रवास हा यातनेचा एक भाग असून तो माणसाची झोप, अन्न आणि पाणी हिरावतो, म्हणून काम संपताच घरी परतण्याची त्वरा करावी, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी सांगितली आहे. काही जण हिचा आधार घेऊन न थांबता गाडी हाकतात. परंतु त्वरा करणे वेगळे आणि झोपेशी झुंजणे वेगळे. प्रेषितांनी (स.) स्वतः काय केले ते पाहा. हिजरी सन 7 मध्ये खैबरहून मदिनेकडे परतताना रात्रीच्या वाटचालीने झोप अनावर झाली, तेव्हा त्यांनी काफिला थांबविला आणि फज्रसाठी जागे राहण्याचे काम हजरत बिलाल (रजि.) यांच्यावर सोपविले. बिलाल (रजि.) पूर्वेकडे तोंड करून उंटाला टेकून बसले आणि त्यांचाही डोळा लागला. सूर्य वर आल्यावर सर्वांना जाग आली. प्रेषितांनी (स.) त्यांना दोष दिला नाही. काफिला थोडा पुढे नेऊन वुजू केला आणि नमाज अदा केली. जागे राहण्याचा निर्धार करूनही बिलाल (रजि.) यांच्यासारख्या सहाबींना झोप आवरली नाही. मग आपण कोणत्या भरवशावर डोळे चोळत गाडी चालवितो?

नमाज पढताना पेंग येऊ लागली तर आधी झोप घ्यावी, कारण अशा माणसाच्या तोंडून दुआऐवजी भलतेच शब्द निघू शकतात, असे हजरत आयशा (रजि.) यांच्या हदीसमध्ये आले आहे. जेथे इबादतीतही पेंगण्यास जागा नाही, तेथे पाच-सहा जीव पाठीशी घेऊन पेंगण्यास परवानगी कोठून असणार? गाडीतील प्रत्येक जीव ही चालकाकडे सोपविलेली अमानत आहे.

कुटुंबासाठी थांबणे म्हणजे वेळेची नासाडी, असेही काहींना वाटते. एका प्रवासात हजरत आयशा (रजि.) यांचा हार हरवला आणि त्याच्या शोधासाठी सारा काफिला थांबला. जवळ पाणी नव्हते. लोक कुरकुरले, हजरत अबू बकर (रजि.) मुलीवर रागावले. प्रेषित (स.) मात्र पत्नीच्या मांडीवर डोके ठेवून शांत झोपले होते. त्याच प्रसंगी तयम्मुमची आयत अवतरली. एका थांब्यातून साऱ्या उम्मतीला कायमची सवलत लाभली, आणि उंट उठविल्यावर हारही त्याच्याखालीच सापडला! आणखी एका प्रवासात अंजशा यांच्या गाण्याच्या तालावर उंट वेगाने चालू लागले, तेव्हा वर स्त्रिया बसल्या आहेत, सावकाश हाक, अशी सूचना प्रेषितांनी (स.) केली.

थांबावे कोठे, याचीही शिकवण आहे. रात्री विसावा घेताना वाट सोडून बाजूला उतरावे, कारण रात्री त्या वाटेवरून जनावरे आणि विषारी जीव फिरतात, असे हदीसमध्ये सांगितले आहे. आज महामार्गावर अवजड वाहने धावतात, म्हणून त्याच्या कडेला गाडी लावून झोपणे तितकेच धोक्याचे आहे. पनवेलपासून माथेरानच्या डोंगराच्या दिशेने काही किलोमीटर आत गेले, की नेरे लागते. कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठी उभ्या राहिलेल्या ‘शांतिवन’मुळे परिचित असलेले हे गाव. महामार्गाची धावपळ तेथे मागे पडते. अशा ठिकाणी परवानगी घेऊन सावलीत उतरावे. पावसाळ्यात मात्र मुलांना नदी-ओढ्याकडे जाऊ देऊ नये. डोंगरातले पाणी पाहता पाहता चढते. लोकांची वाट आणि सावली घाण करणे शापास कारण ठरते, हेही विसरू नये. आपल्यामागे कचरा राहिला, तर गावकऱ्यांच्या मनात आपल्याविषयी तेच राहील.

विसावा सर्वांचा असावा. पुरुषांनी आडवे व्हावे आणि स्त्रियांनी डबे उघडून मुलांना भरवावे, हा विसावा नव्हे. प्रेषित (स.) घरी असताना कुटुंबाच्या कामात हात लावीत. तेव्हा पाणी आणणे, चादर अंथरणे, मुलांना सांभाळणे ही कामे वाटून घ्यावीत. स्त्रियांच्या वुजूची, नमाजची आणि स्वच्छतागृहाची सोय पाहूनच जागा निवडावी.

नमाजविषयी थोडेसे. रत्नागिरीहून मुंबईला परतणारा मुंबईकर नेरे येथे अद्याप मुसाफिरच असतो, म्हणून जुहर, अस्र आणि इशाच्या चार रकातींऐवजी दोन पढाव्यात. फज्र आणि मगरिब मात्र कमी होत नाहीत. स्थानिक इमामामागे उभे राहिल्यास पूर्ण नमाज पढावी. कोकणातील आपली बहुसंख्य कुटुंबे शाफई आहेत. या मसलकात प्रवासात जुहर-अस्र आणि मगरिब-इशा एकत्र पढण्याची सवलत आहे. हनफी बंधूंनी प्रत्येक नमाज आपापल्या वेळीच पढावी. केवळ मुंबईहून नेरेपर्यंत सहलीला आलेल्यांना मात्र कसर नाही, कारण ते अंतर पुरेसे नाही.

तेव्हा पुढच्या खेपेस ‘आता घर आलेच’ हे शब्द ओठांवर आले, की मागे वळून झोपलेल्या मुलांकडे एकदा पाहा आणि गाडी आत वळवा. घरी अर्धा तास उशिरा पोहोचलात तरी घर तेथेच असेल. अल्लाह आपणा सर्वांना सुखरूप घरी पोहोचवो. आमीन.