ब्री आणि अंजीर, ओव्हनमधून थेट टेबलावर

प्रश्न : पाहुण्यांसाठी ब्री चीज अंजिरांसोबत बेक करायचे आहे. वरची पांढरी साल काढावी का? आणि चीज वितळून ताटभर पसरू नये म्हणून काय करावे?

उत्तर : साल मुळीच काढू नये. ती पांढऱ्या बुरशीचीच असते, खाण्याजोगी असते आणि ओव्हनमध्ये चीजला धरून ठेवण्याचे काम तीच करते. म्हणून चीजची अख्खी, न कापलेली चकती घ्यावी. पॅरिसच्या पूर्वेकडच्या ब्री प्रांतातल्या मूळ चकत्या परातीएवढ्या असतात. बेकिंगसाठी सव्वाशे ते अडीचशे ग्रॅमची छोटी चकती बरी.

खरी गडबड होते ती फळांमुळे. ताज्या अंजिरात पाणी भरपूर. ती कच्चीच वर रचली, तर रस सुटून सगळा लगदा होतो. त्यामुळे चार अंजिरांच्या फोडी चमचाभर मध, चिमूटभर मिरपूड घालून पॅनमध्ये तीन-चार मिनिटे परताव्यात, पाक दाटला की उतरवाव्यात. २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले पुरंदरचे अंजीर मुळातच गोड, तिथे मध निम्मा पुरे. वर लिंबू हवेच; अनेक पाककृती ते विसरतात.

चीज १८० अंशांवर १२ ते १५ मिनिटे. बोटाने दाबल्यावर मधोमध मऊ लागले की बाहेर काढावे, पाच मिनिटे थांबून वर अंजीर आणि भाजलेले अक्रोड घालावेत. सोबत कुरकुरीत पाव.

पाहुणे शाकाहारी असतील, तर वेष्टनावरचा हिरवा ठिपका आधी पाहावा. पारंपरिक ब्रीमध्ये दूध साकळवण्यासाठी वासराच्या जठरातले रेनेट वापरतात.