पुन्हा गाडीवर

आज गावोगावी मोटारसायकल आहे. डेअरीला दूध घालायचे, मुलांना शाळेत सोडायचे, तालुक्याला जायचे, सगळे गाडीवर. गाड्या वाढल्या तसे अपघातही वाढले. कुणाचा पाय जातो. कुणाच्या पाठीचा कणा मोडतो. माणूस वाचतो, पण खाटेवर पडल्या पडल्या त्याच्या मनात एकच घोळत असते, "आता माझं कसं व्हायचं? मी पुन्हा गाडीवर बसेन का?"

या धड्यात आपण याच प्रश्नाचा विचार करू. त्यासाठी आम्ही एका माणसाची खरी गोष्ट सांगतो.

वेन रेनीची गोष्ट

वेन रेनी हा अमेरिकेतला मोटारसायकलस्वार. त्याचा जन्म १९६० साली कॅलिफोर्निया राज्यात झाला. मोटारसायकलींच्या मोठ्या शर्यतीत १९९०, १९९१ आणि १९९२ अशी लागोपाठ तीन वर्षे तो जगात पहिला आला.

५ सप्टेंबर १९९३ रोजी इटली देशातील मिसानो येथे शर्यत होती. रेनी सगळ्यांच्या पुढे होता. एका वळणावर त्याची गाडी घसरली. तो फेकला गेला आणि त्याच्या पाठीचा कणा मोडला. तेव्हा त्याचे वय होते बत्तीस. छातीच्या खालचे सारे अंग लुळे पडले. शर्यती संपल्या आणि चाकाची खुर्ची आली.

पण रेनी हातपाय गाळून बसला नाही. दुसऱ्याच वर्षी तो खुर्चीत बसून शर्यतीच्या मैदानावर आला. या वेळी तो स्वार नव्हता, एका संघाचा प्रमुख होता. पुढे त्याने फक्त हातांनी चालवायची चारचाकी शर्यतीची गाडीही चालवली. मोटारसायकलवर मात्र तो कितीतरी वर्षे बसला नाही.

२०१९ साली जपानमधील सुझुका येथे तो दिवस आला. अपघाताला सव्वीस वर्षे झाली होती. माणसांनी त्याला उचलून मोटारसायकलवर बसवले आणि त्याने स्वतः गाडी चालवली. त्याचे पाय काही बरे झाले नव्हते. मग हे जमले कसे?

पाय चांगले, पण हुकूम पोचत नाही

आपल्या पाठीच्या कण्यात मणके असतात. मणक्यांच्या आत एक नाजूक दोरी असते. तिला मज्जारज्जू म्हणतात. मेंदूचे हुकूम याच दोरीतून हातापायांकडे जातात. विहिरीवरचा पंप चांगला असला, तरी विजेची तार तुटली तर तो चालेल का? तसेच हे आहे. पाय धड असतात, पण मेंदूचा हुकूम त्यांच्यापर्यंत पोचत नाही. दुखापत मानेत झाली तर हातही जाऊ शकतात. छातीच्या पाठीमागे झाली तर हात वाचतात. रेनीचे हात वाचले होते.

आता मोटारसायकलचा विचार करू. उजवा हात वेग देतो आणि पुढचा ब्रेक दाबतो. डावा हात क्लच दाबतो. डावा पाय गियर बदलतो. उजवा पाय मागचा ब्रेक दाबतो. म्हणजे पायांकडे कामे दोनच. रेनीच्या गाडीचे गियर हाताने बदलता येतील अशी सोय केली. ब्रेकचे मोठे काम पुढचाच ब्रेक करतो, कारण गाडी थांबताना सगळा भार पुढच्या चाकावर येतो. तो ब्रेक हातातच होता.

पण पायांचे तिसरेही एक काम आहे, ते आपल्या ध्यानात येत नाही. गाडी उभी राहिली की आपण पाय टेकतो. हे काम हाताने होत नाही. म्हणून निघताना आणि थांबताना माणसांनी रेनीची गाडी धरली. बंद मैदानावर हे चालते. गावच्या रस्त्यावर दर वेळी गाडी कोण धरणार?

आपल्याकडची सोय

त्यावर आपल्याकडे साधा उपाय आहे. बिनगियरच्या स्कूटरला मागे दोन्ही बाजूंना एकेक जादा चाक बसवतात. या स्कूटरचा वेग हातात असतो आणि दोन्ही ब्रेकही हातात असतात. जादा चाकांमुळे ती उभी राहिली तरी पडत नाही. अशा गाडीवर कामधंद्याला जाणारी माणसे आपण पाहतो.

मात्र चार गोष्टी नीट ध्यानात ठेवाव्या.

एक, आधी डॉक्टरांना विचारावे. डोक्याला मार लागला असेल, फिट येत असेल, तर गाडीला हात लावू नये. त्यात आपल्या जिवाला धोका आणि दुसऱ्याच्याही.

दोन, गाडीत बदल करायचा तर आर. टी. ओ. कडे त्याची नोंद हवी. परवानाही तशाच गाडीचा काढावा. विमा कंपनीला कळवावे. नाहीतर वेळ आली की भरपाईला अडचण येते.

तीन, जादा चाकांची गाडी वळणावर कलत नाही. म्हणून वळण सावकाश घ्यावे. गाडी रुंदही होते, हे अरुंद वाटेवर विसरू नये.

चार, आधी मोकळ्या मैदानावर सराव करावा. सोबत जाणता माणूस असावा.

ज्याचा पाय कापावा लागला, त्याच्यासाठी जयपूर पाय आहे. रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास जयपूरला तो तयार केला. तो घालून मांडी घालता येते, उकिडवे बसता येते, शेतात अनवाणी चालता येते. पण त्या पायाला स्पर्श कळत नाही. पाय गियरवर आहे की नाही, हे समजत नाही. म्हणून अशा माणसालाही बिनगियरची गाडी सोयीची पडते.

घरच्यांनी काय करावे?

घरची माणसे म्हणतात, "आता गाडीचं नावही काढू नकोस." त्यांची भीती खोटी नाही. त्यांनी एकदा जवळचे माणूस गमावता गमावता वाचवले आहे. पण जखमी माणसाला नुसते जगायचे नसते. त्याला आपल्या कामाला आपण जायचे असते. म्हणून घाईही नको आणि कायमची बंदीही नको. दोघांनी बसून बोलावे. एखाद्याला पुन्हा गाडी नको वाटली, तर त्यात कमीपणा काही नाही. गाडी हे साधन आहे. माणूस पुन्हा उभा राहिला पाहिजे, हे खरे.

कणा मोडलेला माणूस अंथरुणात असेल, तर दर दोन तासांनी त्याची कूस बदलावी. त्याला दुखते ते कळत नाही. एका जागी पडून राहिले की अंगाला जखमा होतात आणि त्या जिवावर बेततात.

अपघात झाला तर

जखमी माणसाला हातपाय धरून उचलू नका. त्याला बसवू नका, पाणी पाजू नका. कणा दुखावला असेल, तर अशा ओढाताणीने आतली दोरी आणखी तुटते. जो पाय वाचला असता तो आपल्या हाताने जातो. डोके आणि मान हलू देऊ नका. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. अंगावरून गाडी जाईल किंवा आग लागेल असे असेल, तरच हलवा. तेव्हाही मान आणि पाठ सरळ ठेवून, चार जणांनी एकदम.

आणि गाडीवर बसताना हेल्मेट घाला. मागे बसणाऱ्यालाही द्या. मोडलेले हाड सांधते. मज्जारज्जू आणि मेंदू यांचे तसे नाही.

प्रश्न

१. रेनीचे पाय धड असूनही का चालत नव्हते?
२. पायांचे तिसरे काम कोणते? त्यासाठी स्कूटरला काय बसवतात?
३. जखमी माणसाला हातपाय धरून का उचलू नये?
४. तुमच्या गावात अपघाताने घरी बसलेले कोणी आहे का? त्याला पुन्हा कामाला जाता यावे म्हणून गावाला काय करता येईल? चार ओळी लिहा.