उपाय मागाहून लिही, आधी ओढाताण

अगं, तुझा आराखडा सावकाश वाचला. तालुक्यातल्या चांगल्या अंगणवाड्या शोधायच्या, तिथल्या सेविकांशी बोलायचं, त्यांना जे साधलंय ते एकेका पॅटर्नच्या रूपात लिहायचं आणि अशा पॅटर्नची एक भाषा नव्याने रुजू होणाऱ्या मुलींच्या हाती द्यायची. मला हे मनापासून आवडलं. उभी हयात लहान मुलांत काढलेली बाई निवृत्त होते, तेव्हा तिच्याबरोबर जे निघून जातं ते कुठल्याही रजिस्टरमध्ये नसतं. ते राहावं असं तुला वाटतं, याचं मला फार अप्रूप आहे. पण तुझी प्रश्नावली बघितली आणि म्हटलं, ही गावात पाऊल टाकायच्या आधी हिच्याशी बोलायलाच हवं.

पहिला प्रश्न आधी खोड. 'तुमच्या अंगणवाडीतल्या यशस्वी पद्धती कोणत्या?' याचं उत्तर तुला आत्ताच सांगते: 'आम्ही वेळेवर गृहभेटी देतो, पालक मेळावा घेतो, महिन्याला वजनं घेतो.' त्यात खोटं काही नाही. पण हे पर्यवेक्षिकेला द्यायचं उत्तर आहे, आणि असं विचारलंस की तूही सेविकेला तपासणीला आलेलीच वाटणार. शिवाय ज्याला काम खरंच येतं त्याला ते शब्दांत सांगता येतंच असं नाही. मायकेल पोलान्यी यांनी १९६६ साली या न बोलल्या जाणाऱ्या ज्ञानावर एक छोटंसं पुस्तकच लिहिलं. तेव्हा पद्धत विचारू नकोस, प्रसंग विचार. या जूनमध्ये सगळ्यात जास्त कोण रडलं? त्या सकाळी आधी काय करून बघितलंत? ते का सोडलंत? तेव्हा मदतनीस कुठे होती? दुसरं काही करता आलं असतं का? जॉन फ्लॅनगन या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली ही रीत नीट मांडली. तिचं मूळ दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी हवाई दलातल्या अभ्यासांत आहे. चांगला वैमानिक कसा असतो अशी मोघम मतं गोळा करायची नाहीत. अमुक वेळी अमुक माणसाने नेमकं काय केलं आणि त्यातून काय झालं, तेवढं विचारायचं. बाईला प्रसंग आठवू दे, ती आपसूक बोलती होईल. ती 'दटावलं' म्हणाली तर वहीत 'दटावलं'च लिही, 'शिस्त लावली' लिहू नकोस. आणि नुसतं बोलून येऊ नकोस. दोन-चार सकाळी कोपऱ्यात बसून राहा. ती जे सांगायचं विसरते ते तुला तिथे दिसेल.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. पॅटर्नचा साचा तुला पाठ आहे: नाव, परिस्थिती, प्रश्न, ओढाताण, उपाय, परिणाम. तुझ्या नमुना पॅटर्नमध्ये उपायाला पाऊण पान आहे आणि ओढाताणीला दीड ओळ. हे उलटं हवं गं. वास्तुविशारद क्रिस्टोफर अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं १९७७चं ते जाडजूड पुस्तक परत उघड. २५३ पॅटर्न आहेत त्यात, सबंध प्रदेशाच्या मांडणीपासून घरातल्या खिडकीजवळच्या बसायच्या जागेपर्यंत. त्यातला खोलीला दोन बाजूंनी उजेड असावा असं सांगणारा पॅटर्न बघ. नुसती सूचना असती तर एका ओळीत संपली असती. पण ते समजावतात की एकाच बाजूने उजेड आला की डोळ्यांवर चकाकी येते, समोरच्याच्या चेहऱ्यावरचे बारीक भाव नीट दिसत नाहीत, माणसं एकमेकांना कमी कळतात, आणि मग जमेल तेव्हा लोक दोन बाजूंनी उजेड असलेल्या खोलीकडेच वळतात. हे कारण कळलं की ज्याच्या घराला दुसरी भिंत मोकळी नाही तोही काहीतरी मार्ग काढू शकतो. कारणच नसेल तर तो फक्त हळहळेल.

तुझ्याच क्षेत्रातलं एक उदाहरण रचून दाखवते. खरं तुला गावात मिळेल. समज, जून महिना आहे, तीन वर्षांचं मूल पहिल्यांदा आलंय आणि आईच्या पायाला मिठी मारून दारात उभं आहे. आईला पेरणीला जायचंय, उशीर झाला तर मजुरी बुडते. ती हळूच निसटली तर मुलाचा भरवसा उडतो आणि उद्या ते उंबऱ्याच्या आत यायला तयार होत नाही. ती बसून राहिली तर ते मांडीवरून उतरत नाही. बाईने त्याला कडेवर घेतलं तर बाकीची मुलं मोकळी सुटतात आणि एकाचं बघून दुसरं भोकाड पसरतं. शिवाय पोषण ट्रॅकर अॅपवर हजेरी भरायची आहे आणि नेट कधी मिळेल याचा नेम नाही. आता एका बाईने यातून काढलेला मार्ग असा: मुलाच्या आजीला पहिले काही दिवस आतच बसवायचं, पण मोकळं नाही. मदतनीसजवळ, तांदूळ निवडत. आजी दिसते म्हणून मूल घाबरत नाही. पण आजी कामात आहे, खेळायला मोकळी नाही, म्हणून ते हळूहळू इतर मुलांकडे सरकतं. नाव काय देशील? मी 'तांदूळ निवडणारी आजी' देईन. 'आजी-आजोबांचा सहभाग' असं मुळीच देऊ नकोस. नाव ऐकताच डोळ्यांसमोर काहीतरी उभं राहायला हवं, म्हणजे बीटच्या, एका पर्यवेक्षिकेकडच्या अंगणवाड्यांच्या, बैठकीत एक बाई दुसरीला सहज म्हणू शकेल, 'अगं, तांदूळ निवडणारी आजी करून बघ.' पॅटर्नची भाषा होते ती अशी, बोलण्यात आल्यावर.

यातली ओढाताण गाळलीस तर मागे राहील एकच ओळ: नव्या मुलांसाठी आजीला बोलवावे. ज्या गावात आज्यासुद्धा पेरणीला जातात, तिथली बाई ते वाचून कानकोंडी होईल. पण ओढाताण लिहिलेली असेल तर तिला कळेल की खरी गरज आजीची नाही. मुलाला ओळखीचं, दिसत राहणारं, पण कामात गुंतलेलं माणूस हवंय. मग ती शेजारच्या मोठ्या बहिणीला बसवेल, नाहीतर आणखी काही शोधेल. उपाय गावागणिक बदलतो, ओढाताण पुष्कळदा तीच राहते. म्हणून तुझा जास्तीत जास्त वेळ तिच्यावर जाऊ दे.

हे शोधायला कुठे जाणार आहेस तेही बघितलं. यादीत आयएसओचं प्रमाणपत्र मिळालेल्या, रंगरंगोटी झालेल्या अंगणवाड्याच जास्त दिसल्या. तिथे जरूर जा, पण तिथेच थांबू नकोस. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जेरी आणि मोनिक स्टर्निन हे जोडपं 'सेव्ह द चिल्ड्रन'च्या कामासाठी व्हिएतनाममध्ये गेलं. कुपोषण भरपूर होतं, पैसा कमी. त्यांनी असं विचारलं की याच गावात, इतक्याच गरिबीत, ज्यांची मुलं तरीही सुदृढ आहेत ती घरं कोणती? त्या घरांतल्या आया भाताच्या खाचरातले बारीक झिंगे आणि खेकडे, रताळ्याचा पाला असं मुलांच्या भातात घालत होत्या, जे इतर लोक लहान मुलांना देत नसत. आणि थोडं थोडं, पण दिवसातून जास्त वेळा भरवत होत्या. तूही तसंच शोध. इमारत तशीच गळकी, वजनकाटा तसाच, मानधन तेवढंच, आणि तरीही जिथे मुलं धावत येतात ती अंगणवाडी. तिथला पॅटर्न शेजारच्या गावाला वापरता येईल, कारण त्याला लागणारं सगळं शेजारीही आहे.

मुलाखती झाल्या की तुला घाई होईल पोषण, आरोग्य, शाळापूर्व शिक्षण असे कप्पे करून सगळं त्यात टाकायची. नको. जिरो कावाकिता हे जपानी मानववंशशास्त्रज्ञ नेपाळच्या डोंगराळ गावांत काम करत. १९८४ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. माहितीच्या ढिगातून अर्थ कसा उगवू द्यायचा याची त्यांनी घडवलेली रीत 'केजे' या नावाने ओळखली जाते. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहायची, सगळ्या चिठ्ठ्या जमिनीवर पसरायच्या, ज्या एकमेकींजवळच्या वाटतात त्या जवळ ठेवायच्या, आणि मथळा सगळ्यात शेवटी द्यायचा. वजनाच्या दिवसाची एक चिठ्ठी आणि रडणाऱ्या मुलाची एक चिठ्ठी शेजारी येऊन बसतील, कारण दोन्हींत बाईने आईला इतरांसमोर लाजू दिलं नाही. तुझ्या तयार कप्प्यांत त्या कधी भेटल्याच नसत्या.

जपानच्या केइओ विद्यापीठातल्या ताकाशी इबा यांचा गट वर्षानुवर्षं याच वाटेने पॅटर्न घडवतो आहे. स्मृतिभ्रंश झालेली माणसं आणि त्यांचे घरचे यांच्यासाठी त्यांनी ४० पॅटर्न केले. आजाराची लक्षणं आणि तोटे मोजत न बसता, त्या आजारासह चांगलं जगणाऱ्या माणसांकडून ते गोळा केले. त्यातला एक आहे जमणाऱ्या गोष्टींच्या यादीचा. न जमणाऱ्या गोष्टी रोज वाढत असतात, सगळ्या घराचं लक्ष तिकडेच लागतं आणि माणूस आणखी खचतो; म्हणून जे अजून जमतं त्याची यादी करायची. साधंच आहे. पण ती ओढाताण वाचताना ज्याच्या घरी असा रुग्ण आहे त्याला कुणीतरी आपल्याला ओळखलं असं वाटतं. तुझं लिखाण वाचताना सेविकेला असं वाटावं, एवढीच माझी इच्छा आहे.

खात्री कशी करायची, हे तू विचारलं होतंस. सॉफ्टवेअरवाल्यांनी अलेक्झांडर यांची ही कल्पना उचलली तेव्हा त्यांच्यात एक रिवाज पडला की एखादी गोष्ट निदान तीन वेगवेगळ्या ठिकाणी वापरात दिसल्याशिवाय तिला पॅटर्न म्हणायचं नाही. तो पाळ, पण नीट. एकाच प्रशिक्षणाला एकत्र बसलेल्या तीन बाया म्हणजे तीन ठिकाणं नव्हेत, ते एकच ठिकाण आहे. एकमेकींना न ओळखणाऱ्या, शक्यतो वेगळ्या बीटमधल्या बघ. आणि जिथे हे करून फसलं तिथे मुद्दाम जा. समाजशास्त्रज्ञ ग्लेझर आणि स्ट्रॉस यांनी १९६७ सालीच सांगितलं की सतत ताडून बघा. आपल्या म्हणण्यात न बसणारी केस सापडली की ती बाजूला सारू नका, तिच्यामुळे म्हणणंच सुधारा. तरीही काही पॅटर्नबद्दल तुला खात्री वाटणार नाही. तेव्हा तसंच लिही. अलेक्झांडर यांनी ज्या पॅटर्नवर पुरता विश्वास होता त्यापुढे दोन तारे छापले, थोडा होता तिथे एक, आणि बाकीच्यांपुढे एकही नाही. आपल्याच पुस्तकात, वाचकाला उघड दिसेल असं. तुझ्या मार्गदर्शकांना तारे खटकले तर माझ्याकडे पाठव त्यांना, मी भांडेन.

अलेक्झांडर यांचीच आणखी एक गोष्ट मला आधार देते. तरुणपणी ते गुजरातेतल्या एका खेड्यात राहिले होते. १९६४च्या त्यांच्या पुस्तकाच्या शेवटी एका भारतीय खेड्याच्या १४१ गरजा मांडून, गणिताने त्यांचे गट पाडून दाखवलेत. पुढे १९७१च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनीच लिहिलं की त्यातली पद्धत महत्त्वाची नव्हती, त्यातून निघालेल्या छोट्या सुट्या आकृत्या महत्त्वाच्या होत्या. त्याच आकृत्यांचे पुढे पॅटर्न झाले. तुझ्या प्रबंधात पद्धतीचं प्रकरण लांबत चाललंय, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

कच्चा मसुदा झाला की तो सेविकांना वाचून दाखव, आणि वाचून झाल्यावर गप्प बस. पॅटर्न लिहिणाऱ्यांच्या परिषदा १९९४पासून भरतात, आणि तिथे कवी आणि संगणकतज्ज्ञ रिचर्ड गॅब्रिएल यांनी कवी-लेखकांच्या कार्यशाळांतली रीत आणली: लिहिणारा समोर बसतो, बाकीचे त्याच्या लिखाणावर बोलतात, आणि त्याने मध्ये तोंड उघडायचं नाही. तुला फार जड जाईल, मला ठाऊक आहे. लहानपणापासून तुला खुलासा केल्याशिवाय राहवत नाही. पण तू समजावायला लागलीस की त्या मान डोलावतील आणि तुझ्या हाती काहीच लागणार नाही.

आणि परिणामांचा भाग कधी गाळू नकोस. यावर मी अडून बसणार आहे. आजी बसली तर ती सगळ्याच मुलांवर डोळे वटारू लागते का, एकाची आजी आली की दुसऱ्यालाही आपली हवी होते का, हे तर लिहीच. पण त्याहून मोठा प्रश्न हा की हा चांगुलपणा कुणाच्या खिशातून आणि कुणाच्या वेळातून चाललाय. कितीतरी अंगणवाड्यांतला खाऊ, रंग, मोबाइलचा रिचार्ज बाई स्वतःच्या मानधनातून भागवत असते. तू त्याचा सुंदर पॅटर्न लिहिलास आणि उद्या कुणी तो वरून सगळ्यांवर लादला, तर एका बाईचं प्रेम बाकीच्या सगळ्यांच्या गळ्यात पडेल. ज्या पॅटर्नला पैसा किंवा जादा वेळ लागतो, तिथे तो कुठून आला हे ठळक लिही, आणि तो सेविकेकडून येता कामा नये असं तुझं मत असेल तर तेही लिही. त्याने अभ्यासाचं वजन कमी होत नाही.

हे सगळं झालं की एक चाचणी कर. पॅटर्नचा उपाय झाकून ठेव. फक्त परिस्थिती आणि ओढाताण एखाद्या अनोळखी अंगणवाडीतल्या बाईला वाचून दाखव आणि विचार, तुम्ही काय केलं असतं? ती 'बरं आहे' म्हणून चहाचं विचारू लागली, तर परत गावात जा, अजून काहीतरी राहिलंय. पण ती पुढे सरकून, 'आणि त्यात पाऊस लागला की तर...' असं म्हणत तुझी ओढाताण स्वतःच पुरी करू लागली, तर वही काढ आणि ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत उतरवून घे. तुझ्याकडे नसलेला दुसरा उपाय बहुधा त्यातच असेल.