खताच्या पोत्यातील आम्ल आणि आम्लारी

बडोद्याजवळील बाजवा येथे गुजरात स्टेट फर्टिलायझर्स अँड केमिकल्स कंपनीचा कारखाना आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या या कंपनीचे उत्पादन १९६७ मध्ये सुरू झाले. आम्ल व आम्लारी यांचा शालेय धडा अशा कारखान्यात फार मोठ्या प्रमाणावर घडतो. गंधकाम्लाने निळा लिटमस तांबडा होतो. अमोनियाच्या द्रावणाने तांबडा लिटमस निळा होतो. (लिटमस नसल्यास हळद घ्यावी. चुन्याच्या निवळीने ती लाल होते, लिंबाच्या रसाने पुन्हा पिवळी.) हे दोन दाहक पदार्थ एकत्र आले की परस्परांचे गुण मारतात व अमोनियम सल्फेट हा स्फटिकरूप क्षार तयार होतो. त्यात सुमारे २१ टक्के नत्र असते.

तथापि जमिनीतील जिवाणू या नत्राचे नायट्रेटमध्ये रूपांतर करताना आम्लता उत्पन्न होते. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीस ती सोसते. कोकणातील मुळातच आम्लधर्मी जांभ्या जमिनीचा सामू मात्र वर्षानुवर्षे हेच खत दिल्याने आणखी उतरतो. त्यावर चुना हा उपाय खरा. पण एकाच घमेल्यात चुना व खत कालविल्यास घात होतो. चुना ही प्रबळ आम्लारी असल्याने अमोनिया सुटून जातो. नाकाला झोंबणारा तो वास म्हणजे पैसे मोजून घेतलेले नत्रच होय. शिक्षकांनी वाटीत चिमूटभर खत व ओला चुना घेऊन वर भिजविलेला तांबडा लिटमस धरावा. तो निळा होतो. शेतात चुना पेरणीपूर्वी दोन-तीन आठवडे मातीत मिसळावा व खत नंतर द्यावे.