पाणी कुठून आलं?

न्यू जर्सीत अपार्टमेंट भाड्याने घेतलं की किल्ली देण्याआधी लीजिंग ऑफिस रेंटर्स इन्शुरन्सचा कागद मागतं. भारतातून नुकतं आलेलं जोडपं त्याच दिवशी फोनवरून पॉलिसी काढतं आणि 'आपल्या सामानाचा विमा झाला' म्हणून निश्चिंत होतं. पण लीजिंग ऑफिसला आपल्या सामानाची काळजी नसते. भाडेकरूच्या हातून आग लागली, बाथटब भरून वाहिला आणि खालच्या घराचं छत गळलं, तर नुकसान कोणाकडून भरून घ्यायचं, याची त्यांना सोय हवी असते. म्हणून ते बहुधा १ लाख डॉलरच्या लायेबिलिटीचा, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणाऱ्या विम्याचा, आग्रह धरतात. इमारतीचा विमा मालकाने काढलेला असतो, पण त्यात आपली एक खुर्चीही येत नाही. आपल्या सामानाचं काय, हे आपणच ठरवायचं असतं. आमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा मी हे जवळून पाहिलं. नव्याने येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला ते आधीच ठाऊक असावं, या कळकळीने लिहिते आहे.

२०२१ च्या ऑगस्टअखेरीस 'आयडा' चक्रीवादळ लुइझियानाच्या किनाऱ्यावर आदळलं. तिथून जमिनीवरून सरकत त्याचे अवशेष १ सप्टेंबरच्या संध्याकाळी आमच्यावर आले. नेवार्कला त्या एका दिवसात ८.४१ इंच पाऊस झाला. तिथल्या नोंदींतला तो उच्चांक. राज्यात तीसच्या आसपास माणसं गेली, त्यातली कितीतरी गाडीत अडकून. मिडलसेक्स काउंटीतल्या आमच्या तळमजल्यावरच्या घरात पार्किंगमधलं पाणी पॅटिओच्या दाराखालून आत आलं. गाद्या, सोफा, पुस्तकांची खालची फळी, सासूबाईंची पेटी, सगळं भिजलं. माणसं सुखरूप राहिली, याचं मोल मोठं.

क्लेम लावला तेव्हा काय काय गेलं याची यादी मी तयार ठेवली होती. अॅडजस्टरचा (नुकसान तपासणाऱ्या कंपनीच्या माणसाचा) पहिला प्रश्न वेगळाच होता : पाणी कुठून आलं? पुढे पत्र आलं, त्यात लिहिलं होतं की जमिनीवरून वाहत आलेल्या पाण्याचं नुकसान या पॉलिसीत वगळलेलं आहे. एक डॉलरही मिळाला नाही. कंपनीने यात काही लपवलं नव्हतं. अमेरिकेतल्या जवळजवळ प्रत्येक रेंटर्स पॉलिसीत हे कलम असतंच. वस्तू कितीही मोलाची असो, ती कशामुळे गेली यावर तिची भरपाई ठरते.

भाडेकरूंच्या प्रमाणित पॉलिसीत भरपाई मिळण्याजोग्या कारणांची यादीच दिलेली असते. आग, वीज पडणं, वादळवारा, गारा, धूर, चोरी, तोडफोड, छतावरच्या बर्फाचा भार, नळाची पाइप अचानक फुटणं अशी ही सोळा कारणं. त्यात पूर नाही, भूकंप नाही. ढेकूण, उंदीर, हळूहळू मुरलेली ओल यांनाही जागा नाही. गटाराचं पाणी ड्रेनमधून उलटं वर आलं, तर त्यासाठी वेगळं कलम थोडे पैसे भरून जोडावं लागतं. पुढे एका थंडीत आमच्या ओळखीतल्या एका घरी वरच्या मजल्यावरची पाइप गोठून फुटली. त्यांचाही सोफा भिजला, गाद्या फुगल्या. त्यांना सामानाची भरपाई मिळाली, आणि घर राहण्याजोगं होईपर्यंत हॉटेलचा खर्चही मिळाला. पाणी वरून आलं की खालून, एवढाच काय तो फरक होता.

पुरासाठी वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. १९६८ च्या कायद्याने सुरू झालेली फेडरल सरकारची पूरविमा योजना भाडेकरूंसाठीही खुली आहे, आणि नुसत्या सामानासाठी तीत १ लाख डॉलरपर्यंत विमा घेता येतो. तिच्या मर्यादा मात्र घेण्याआधीच माहीत हव्यात. साधारणपणे पॉलिसी घेतल्यावर ३० दिवसांनी ती लागू होते. वादळाची बातमी पाहून धावपळ करण्यात अर्थ नसतो. हॉटेलचा खर्च ती देत नाही. सामानाची किंमतही घसारा वजा करूनच धरते. आणि चारही बाजूंनी जमिनीखाली असलेल्या बेसमेंटमधल्या सामानाला तिचं संरक्षण फारच थोडं, म्हणजे वॉशर, ड्रायर, फ्रीझर अशा मोजक्या वस्तूंपुरतं. स्वस्त पडतं म्हणून बेसमेंटमध्ये राहणाऱ्या विद्यार्थ्यांना हे कोणीतरी आवर्जून सांगायला हवं. पुरात बुडालेली गाडी यात कुठेच येत नाही. ती गाडीच्या विम्यातल्या कॉम्प्रिहेन्सिव्ह भागात येते; तो भाग घेतला नसेल तर तिचेही पैसे नाहीत.

सरकारी मदतीवरही भिस्त ठेवू नये. आयडानंतर मिडलसेक्ससह काही काउंट्यांमध्ये मोठी आपत्ती जाहीर झाली आणि फेमा या फेडरल आपत्तीनिवारण संस्थेची मदत खुली झाली. ती मूलभूत गरजांपुरतीच असते, शिवाय रोख मदतीसाठी नागरिकत्व, ग्रीन कार्ड किंवा कायद्याने ठरवलेला तसा दर्जा लागतो. एच-१बी व्हिसा त्यात बसत नाही. पण घरात इथे जन्मलेलं, नागरिक असलेलं लहान मूल असेल, तर आईवडील त्याच्या वतीने अर्ज करू शकतात. व्हिसावर असलेली पुष्कळ कुटुंबं हे माहीत नसल्यामुळे अर्जच करत नाहीत.

आता आपल्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे येते : सोनं. मध्य जर्सीत भारतीय घरं हेरून सोन्यासाठी घरफोड्या झालेल्या आहेत. पॉलिसीवर ३० हजार डॉलरच्या सामानाचा विमा लिहिलेला असला, तरी चोरीला गेलेल्या दागिन्यांसाठी आत वेगळी मर्यादा असते. प्रमाणित पॉलिसीत ती १,५०० डॉलर आहे, आणि तीही सगळ्या दागिन्यांना मिळून. पाटल्या, मंगळसूत्र, तोडे, आजीची ठुशी सगळं गेलं तरी तेवढेच. रोख रकमेची मर्यादा तर अवघी २०० डॉलर. यावर उपाय म्हणजे दागिन्यांची स्वतंत्र यादी पॉलिसीला जोडणं. त्यासाठी इथल्या सराफाकडून प्रत्येक दागिन्याचं लेखी मूल्यांकन आणि फोटो लागतात. अशा यादीतला दागिना नुसता हरवला तरी सहसा भरपाई मिळते आणि डिडक्टिबल, म्हणजे भरपाईतून आधी वजा होणारी आपल्या वाट्याची रक्कम, तीही बहुधा नसते. बँकेचं लॉकर सुरक्षित खरं, पण खात्यातल्या ठेवींना सरकारी विम्याचं जे कवच असतं ते लॉकरमधल्या वस्तूंना नसतं, हेही लक्षात असू द्या.

आणखी एक गैरसमज मी वारंवार ऐकते : एकाने पॉलिसी काढली की घरातल्या सगळ्यांचं भागलं. नवरा, बायको, सोबत राहणारी मुलं त्यात येतात. रूममेट येत नाही. चार मित्र एका घरात राहत असतील तर चौघांनी आपापली पॉलिसी घ्यावी. घरून डबे देणाऱ्या, मुलं सांभाळणाऱ्या मैत्रिणींनी विशेष जपावं. डब्यातलं खाऊन कोणी आजारी पडलं किंवा सांभाळायला आलेलं मूल पडून लागलं, तर व्यवसायाचा संबंध आल्यामुळे या पॉलिसीतली लायेबिलिटी सहसा कामी येत नाही. त्यासाठी व्यवसायाचा विमा वेगळा लागतो.

पॉलिसी घेताना हप्त्याइतकंच आणखी दोन गोष्टींकडे पाहा. पहिली, भरपाई घसारा वजा करून मिळणार की नवी वस्तू घेण्याइतकी. पहिल्या प्रकारात जुन्या टीव्हीचे हातात फार थोडे येतात. दुसऱ्यात कंपनी आधी घसारा वजा करून पैसे देते आणि तुम्ही नवा टीव्ही घेऊन पावती पाठवली की उरलेला फरक देते. हप्त्यातला फरक साधारणपणे थोडाच असतो, म्हणून दुसराच प्रकार मागून घ्यावा. दुसरी गोष्ट डिडक्टिबल. ते १,००० डॉलर असेल तर आठशे डॉलरची सायकल चोरीला गेल्यावर काहीच मिळणार नाही.

एवढं सगळं सांगून मी पॉलिसीच नको म्हणते आहे, असं कृपया समजू नका. अवश्य घ्या. तळणाच्या कढईने पेट घेतला आणि शेजारचं घर जळलं, तर एका सामान्य कुटुंबाला आयुष्यभर फेडता येणार नाही एवढी रक्कम अंगावर येऊ शकते. ती हीच पॉलिसी तिच्या मर्यादेपर्यंत उचलते. पाहुण्याला घरात लागलं तर उपचारांचा थोडा खर्चही ती देते. गाडीची काच फोडून लॅपटॉप नेला, तर डिडक्टिबल वजा जाता त्याचेही पैसे हीच पॉलिसी देते. फक्त जे तिच्यात नाही ते वेगळं जोडून घ्यायचं.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी इथे एक महत्त्वाची गोष्ट. भारतात १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आली आहे आणि भाडेकरूला तीत फक्त घरातल्या सामानाचा विमा घेता येतो. पूर, भूकंप, वादळ हे सगळं तीत मूळचंच धरलेलं आहे. नेहमीची घरफोडी मात्र नाही! आग किंवा पुरासारखी घटना घडली आणि तिच्यामुळे सात दिवसांच्या आत चोरी झाली, तेवढीच तीत बसते. म्हणजे पुण्यात पाणी शिरलं तर भरपाई आणि कुलूप तोडलं तर नाही, तर न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये नेमकं उलटं. म्हणून तिकडचा अनुभव इकडे आणि इकडचा तिकडे लावू नका. पुण्यात राहत असाल तर घरफोडीचा विमा वेगळा मागा.

न्यू जर्सीत आता कायद्याचीही साथ आहे. मार्च २०२४ पासून घरमालकाने भाडेकरूला पुराचा धोका लेखी कळवणं बंधनकारक झालं आहे, आणि साध्या रेंटर्स पॉलिसीत पूर सहसा येत नाही हेही त्या सूचनेत सांगावं लागतं. लीजवर सही करण्याआधी तो कागद मागून घ्या. मग एजंटला फोन करून विचारा : पूर आला तर? ड्रेन उलटला तर? दागिने गेले तर? घर राहण्यासारखं उरलं नाही तर हॉटेलचे पैसे किती दिवस? प्रत्येक उत्तर ईमेलवर घ्या. सगळी कपाटं आणि खण उघडून फोनवर घराचा सावकाश व्हिडिओ काढा आणि तो घराबाहेर, क्लाउडमध्ये ठेवा.

चक्रीवादळांचा मोसम १ जूनला सुरू होतो. पुराची पॉलिसी लागू व्हायला ३० दिवस लागतात. म्हणजे तळमजल्यावर राहणाऱ्यांनी हा फोन एप्रिल संपण्याआधी करायला हवा.