वळतानाच मागचं चाक किरकिरतं, तेव्हा

नागपूर-हैदराबाद महामार्गावर वडकीपासून पांढरकवड्यापर्यंत गाडी सरळ पळते तोवर सगळं चुपचाप असतं. घाटंजीच्या रस्त्याला वळलात की मागून किर्रर्र, आणि गाडी सरळ झाली की आवाज गायब. गॅरेजात नेली तर बहुधा उत्तर ठरलेलं, "लायनर गेले, टाकून घ्या." लायनर गेलेले असतीलही. पण ते घासले असले तर आवाज ब्रेक दाबल्यावर यायला किंवा बदलायला हवा. ब्रेकला पाय न लावता, फक्त वळताना येणाऱ्या आवाजाचं मूळ बरेचदा दुसरीकडेच निघतं. म्हणून खर्चाला हात घालण्याआधी घरीच थोडी तपासणी करा.

सगळ्यात आधी चाकाचे नट पाहा. पंक्चर काढल्यावर ते कच्चे राहण्याचा प्रकार नवा नाही. हवा तपासा. डिकीत सामान खच्चून भरलं असेल तर वळताना टायर आतल्या प्लास्टिकला घासतो का, तेही बघा. घासत असेल तर तिथे घासल्याची खूण दिसतेच.

मग मोकळी जागा गाठा. बाजार नसलेल्या दिवशी बाजार समितीचं आवार उत्तम. काचा खाली, गाणी बंद, वेग ताशी पंधरा-वीस. एक मोठा गोल डावीकडून मारा, एक उजवीकडून. डावीकडे वळताना गाडी उजवीकडे झुकते आणि भार उजव्या चाकांवर येतो. त्यामुळे डाव्या वळणावर आवाज आला तर पहिला संशय उजव्या मागच्या चाकावर. हा नियम दर वेळी खरा ठरत नाही, पण सुरुवात तिथून करावी. गाडीखालचा आवाज आत बसून नीट कळत नाही, पुढचा मागचा वाटतो. एखाद्याला बाहेर, गाडीपासून चार हात दूर उभं करून ऐकायला लावा.

आता वळताना पेडल अगदी हलकं दाबा. आवाज बदलला किंवा थांबला तर गोष्ट ब्रेकची. पेडल चारही चाकांना लागतं, म्हणून खात्रीसाठी गाडी सरळ आणि अगदी हळू चालवत, हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो किंचित ओढा. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. तेव्हाही तसाच आवाज आला तर मागचे लायनर किंवा ड्रम. ब्रेकनं काहीच फरक पडला नाही, तर बेअरिंग किंवा घासणारा पत्रा. बेअरिंगचा आवाज सहसा घुर्र असा, वेगाबरोबर वाढणारा. पत्र्याचा मात्र पातळ, कानात घुसणारा, चाकाच्या फेऱ्यागणिक येणारा.

पुढचं काम जॅकवर, सपाट आणि टणक जागी. काळ्या मातीत जॅक लावू नका, ती दबते. मागचं चाक हातानं फिरवायचं तर हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड किंवा ठोकळे घट्ट लावल्याशिवाय गाडी उचलू नका. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, मागचं चाक तरी फिरतं. बोलेरोसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला मात्र न्यूट्रल लागतो, तिथे ठोकळ्यांवरच सगळं अवलंबून. गाडी फक्त जॅकवर असताना खाली डोकं घालायचं नाही, स्टँड हवाच.

चाक वर-खाली पकडून हलवा. खटखट लागली तर बेअरिंगमध्ये प्ले आहे. मग हळूहळू फिरवा आणि कान लावा. लहान गाड्यांना मागे बहुधा ड्रम असतो. त्याची कड मागच्या प्लेटच्या अगदी जवळून फिरते, स्पर्श होत नाही. बेअरिंग सैल झालं की वळताना ड्रम कलतो आणि कड प्लेटला घासते. चाक काढून त्या फटीत बॅटरीचा प्रकाश टाका. गंजलेल्या तपकिरी कडेवर एका जागी चकचकीत, ताजी रेघ दिसली तर चोर सापडला. मागे डिस्क असेल तर तिच्या आतल्या बाजूचा पातळ पत्रा पाहा. गिट्टीच्या रस्त्यावर उडालेला खडा तिथे अडकतो किंवा पत्रा वाकतो. खडा काढायचा, पत्रा पेचकसानं जरासा मागे सारायचा. एवढ्यावर काम भागतं आणि खर्च शून्य.

ड्रम उघडायचा असेल तर बऱ्याच ड्रमांवर आटे पाडलेली दोन छिद्रं असतात. त्यांत बोल्ट आळीपाळीनं आवळले की ड्रम सुटून येतो. काही गाड्यांत बेअरिंग ड्रममध्येच बसवलेलं असतं आणि मधला मोठा नट सोडावा लागतो. तो ठरल्या टॉर्कनंच आवळायचा असतो, तेव्हा हे काम मेकॅनिकलाच द्या. आतली भुकटी फुंकू नका, हवाही मारू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्यानं पुसा. आपल्याकडे पावसाळ्यात पांदणीतला चिखल आत शिरतो आणि वाळून खडखडीत होतो, वणीकडे त्यात कोळशाची धूळ. नुसत्या सफाईनं आवाज गेल्याची उदाहरणं भरपूर. लायनर काचेसारखे चकाकत असतील, चिरले असतील किंवा पुस्तिकेतल्या मर्यादेपर्यंत झिजले असतील तर दोन्ही बाजूंचे एकदम बदला, एकाच बाजूचे कधीच नाही. लायनरचे शू जिथे मागच्या प्लेटवर टेकतात तिथे ब्रेकसाठीचं उष्णतारोधक ग्रीस नखभर लावायचं. आवाज बंद व्हावा म्हणून ड्रममध्ये तेल सोडणारे महाभाग आहेत. आवाज बंद होतो, ब्रेकही.

रात्रभर पावसात उभी असलेली गाडी सकाळी दोन-चार ब्रेकपुरती किरकिरली तर काळजी नको, तो वरवरचा गंज असतो.

गॅरेजात जायचंच झालं तर नुसतं "मागून आवाज येतो" म्हणू नका. "डावीकडे वळताना, ब्रेक न दाबता, उजव्या मागच्या चाकातून" असं सांगा, आणि काढलेला भाग डोळ्यांसमोर दाखवायला लावा.

पण पेडल खोल जात असेल, थोड्या प्रवासानंतर एकच चाक तापत असेल किंवा चाकाच्या आतल्या बाजूला ब्रेक ऑइलचा ओलावा दिसला, तर गाडी गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नका. मेकॅनिकला घरी बोलवा.