प्रोग्रॅमची तपासणी : कॉलेजात कशी शिकवावी?

आपल्या समाजातील अनेक व्यापारी व कारागीर बंधूंची मुले आज बीसीए, बीएस्सी आयटी करीत आहेत. त्यांना प्रोग्रॅम लिहिणे शिकविले जाते. लिहिलेला प्रोग्रॅम तपासणे, म्हणजे टेस्टिंग, हे मात्र बहुधा शेवटच्या वर्षी एका पेपरात व्याख्या पाठ करून उरकतात. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. तपासणी पहिल्या प्रोग्रॅमसोबतच शिकवावी.

समजा, दुकानाचा नियम आहे : १०० मीटर किंवा त्याहून अधिक कापड घेणाऱ्यास ५ टक्के सूट. विद्यार्थ्याने बिलाचा प्रोग्रॅम लिहिला, ५० आणि २०० मीटर टाकून पाहिले, दोन्ही बिले बरोबर आली. तो खूश! पण त्याने अट 'शंभरापेक्षा जास्त' अशी घातली, 'शंभर किंवा जास्त' अशी नाही. ८० रुपये भावाने नेमके १०० मीटर घेणारा ग्राहक ४०० रुपयांना बुडाला. चूक अशी हद्दीवर दडून बसते. म्हणून शिक्षकांनी ९९, १०० व १०१ हे तिन्ही आकडे तपासायला लावावेत. शिवाय शून्य, उणे आकडा, साडेनव्याण्णव, आणि आकड्याच्या जागी अक्षरसुद्धा. उत्तर काय यायला हवे, ते आधी कागदावर लिहून घ्यावे. नाहीतर पडद्यावर जे दिसेल तेच मनाला बरोबर वाटू लागते.

माप कमी देणाऱ्यांना सूरह मुतफ्फिफीनमध्ये कडक ताकीद आहे. कॉम्प्युटरने कमी दिले, असे सांगून आपली सुटका होणार नाही.

ग्लेनफर्ड मायर्स यांनी १९७९ च्या आपल्या पुस्तकात आरंभीच एक कोडे घातले आहे. तीन बाजूंची लांबी घेऊन त्रिकोणाचा प्रकार सांगणारा प्रोग्रॅम कसा तपासाल? मग १४ प्रश्नांवर स्वतःच स्वतःला गुण द्यायचे. मुरलेले प्रोग्रॅमरही सरासरी ७.८ गुणच मिळवतात, असे त्यांनी नोंदविले. १, २, ३ या बाजूंचा त्रिकोण होतच नाही. ही तपासणी केली का, हा त्यातलाच एक प्रश्न. पहिल्या तासाला हे कोडे फळ्यावर लिहावे.

मुले गुण मिळतात तेच करतात. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठात स्टीफन एडवर्ड्स यांनी वेब-कॅट नावाची व्यवस्था आणली. तीत विद्यार्थी प्रोग्रॅमसोबत स्वतःच्या चाचण्याही देतो आणि त्या चाचण्या प्रोग्रॅमच्या किती भागापर्यंत पोहोचल्या, हेही गुण देताना पाहिले जाते. यात एक पळवाट आहे. पोहोचणे वेगळे, चूक पकडणे वेगळे. म्हणून शिक्षकांनी बरोबर प्रोग्रॅममध्ये मुद्दाम चूक घालावी, आणि चाचणीने ती धरली तरच गुण द्यावेत. नवा तपासनीस ठेवताना मीही एक डागी ताका चांगल्या ताक्यांत मिसळून देतो.

शिवाय प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हातून काढून दुसऱ्याच्या हाती द्यावा. माझ्या भाच्याने दुकानासाठी बिलाचा प्रोग्रॅम केला. आमच्या मेहताजींनी ८० मीटर, १२० रुपये भाव हे उलटे भरले. मीटर १२० आणि भाव ८०. एकूण ९,६०० रुपये तेच आले, पण मीटर शंभराच्या वर गेल्याने ४८० रुपये सूट लागली. ही तपासणी भाच्याला सुचली नव्हती, आणि खरे सांगायचे तर मलाही नाही.